गावात मोफत पॅडची पेटी सुरू करताना

गोव्यातील आपल्या गावात मोफत सॅनिटरी पॅडचा उपक्रम हाती घेऊ पाहणाऱ्यांनी फलक छापण्याआधी एक साधा हिशेब मांडून पाहावा. पाळी साधारण पाच दिवस चालते आणि पॅड दर चार ते सहा तासांनी बदलणे योग्य असते. म्हणजे दिवसाला सुमारे ४ आणि एका पाळीला सुमारे २० पॅड लागतात. ज्या घरात आई आणि वयात आलेल्या दोन मुली आहेत, त्या घराला महिन्याला ६० पॅड हवेत आणि दुकानातले छोटे पाकीट बहुधा ६ ते ८ पॅडचे असते. दुसऱ्यांकडे धुणीभांडी करणाऱ्या किंवा बांधकामावर रोजंदारीने जाणाऱ्या बाईच्या घरात ही खरेदी किराण्याच्या यादीत सर्वांत शेवटी येते आणि पैसे संपले की सर्वांत आधी वगळली जाते. मग काटकसर सुरू होते. शाळेत जाताना पॅड आणि घरी कापड, सकाळी लावलेले पॅड संध्याकाळपर्यंत तसेच, मुलींना आधी आणि आईला उरले तर.

गोव्यात ही टंचाई सहजासहजी नजरेस पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातील १५ ते २४ वयोगटातील ५७.६ टक्के स्त्रिया पाळीत आरोग्यदायी साधने वापरत असल्याचे आढळले होते. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ७७.३ टक्क्यांवर गेले. ही वाढ मोठी आहे, परंतु आकडा केवळ २४ वर्षांपर्यंतच्या स्त्रियांचा आहे आणि त्यातून साधन कोणते वापरले जाते एवढेच कळते, ते पुरेसे मिळते की नाही हे कळत नाही. म्हापशाच्या बाजारात टोपली घेऊन बसणारी चाळिशीतली बाई या मोजणीत कुठेच नाही. त्यामुळे आपल्या गावात याची गरज नाही, असे कोणी सांगितले तर वाद घालू नये, विचारपूस करावी.

पहिली पायरी: कोणाला हवे आहे, ते शोधणे

इतर राज्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका वाचल्या तर त्या आशा कार्यकर्तीपासून सुरुवात करायला सांगतात, कारण केंद्र सरकारच्या २०११ च्या पाळी स्वच्छता योजनेत ६ पॅडचे पाकीट ६ रुपयांना घरोघरी पोहोचवण्याचे काम तिच्याकडे दिलेले होते. आशा योजना देशभर पसरत असताना गोवा मात्र तिच्याबाहेर राहिला. त्यामुळे आपल्याकडे पहिली भेट अंगणवाडी सेविकेची आणि आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेची घ्यावी. कोणत्या घरात किती मुली आहेत, कोणाचा नवरा कामावर जात नाही, कोणत्या खोल्यांत नवीन बिऱ्हाडे आली आहेत, हे त्यांना तोंडपाठ असते.

गरज साधारणपणे दोन प्रकारच्या ठिकाणी आढळते. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांतील आडबाजूच्या वाड्यांवर अडचण जितकी पैशांची तितकीच अंतराची असते. जवळची फार्मसी बसच्या वेळापत्रकावर अवलंबून असते आणि वाड्यावरच्या दुकानात पॅड असले तरी गल्ल्यावर ओळखीचा काका बसलेला असतो. दुसरीकडे शहरांच्या कडेला, बांधकामांजवळच्या पत्र्याच्या खोल्यांत, परराज्यांतून आलेली कुटुंबे राहतात. या स्त्रियांना गृहिणींना दरमहा अर्थसाह्य देणाऱ्या गोवा सरकारच्या गृह आधारसारख्या योजनेचा लाभ मिळत नाही, कारण तिला गोव्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. गावातील मदत गावच्याच लोकांना मिळावी, असा आग्रह बैठकीत कोणीतरी धरतोच. त्याचा निकाल पहिल्याच बैठकीत लावून घ्यावा, नाहीतर पुढे प्रत्येक वाटपाच्या वेळी तोच विषय निघतो.

विचारताना शब्द जपून वापरावेत. "तुम्हाला पॅड परवडत नाहीत का?" या प्रश्नाला स्वाभिमानी बाई "परवडतात" असेच उत्तर देते. त्याऐवजी "मागच्या पाळीत काय वापरले आणि शेवटच्या दोन दिवसांत काय केले?" असे विचारले तर खरी परिस्थिती समोर येते. "बाहेरची", "अडचण", "कावळा शिवला" हे शब्द समोरची बाई वापरत असेल तर तिला लगेच सुधारायला जाऊ नये; आपण मात्र सरळ "पाळी" म्हणावे. दोन-तीन भेटींनंतर तीही म्हणू लागते. ही चौकशी शक्यतो स्त्रियांनीच करावी. पुरुष कार्यकर्त्यांसाठी वाहतूक, साठवण आणि हिशेब अशी भरपूर कामे आहेत.

दुसरी पायरी: आकडा लहान ठेवणे

नवखे गट येथेच चुकतात. पाळी दर महिन्याला येते, उत्साह मात्र येत नाही. दोनशे मुलींना एकदा पॅड वाटून छायाचित्र काढण्यापेक्षा पंधरा मुलींना वर्षभर न चुकता पॅड देणे कितीतरी कठीण आहे आणि मुलींच्या खऱ्या उपयोगाचे तेच आहे. कारण पॅड नक्की मिळणार याचा भरवसा असेल तरच मुलगी ते पुरवून पुरवून वापरणे सोडते आणि वेळेवर बदलू लागते.

पंधरा मुलींसाठी महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० पॅड लागतील. प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रांत "सुविधा" नावाचे पॅड ऑगस्ट २०१९ पासून १ रुपयाला मिळते. त्याआधी त्याची किंमत अडीच रुपये होती. म्हणजे पंधरा मुलींचा वर्षाचा खर्च ३,६०० रुपये होतो. एवढी रक्कम एखाद्या वाड्यावरचे दहा-बारा लोक सहज उचलू शकतात. पॅडवरील १२ टक्के वस्तू व सेवा कर जुलै २०१८ मध्ये रद्द झाल्यामुळे दुकानातल्या इतर पॅडवरही आता तो भार नाही, तरीही नामांकित कंपन्यांच्या पॅडची किंमत सुविधा पॅडच्या कितीतरी पट असते. जनऔषधी केंद्रात मोठी मागणी असल्यास चालकाला आगाऊ कळवावे. तीनशे पॅड केंद्रात तयार असतीलच असे नाही. पहिले वाटप करण्याआधी तीन महिन्यांचा, म्हणजे ९०० पॅडचा साठा हातात असावा आणि तो तसा नसेल तर वाटपाची तारीख पुढे ढकलावी.

काही उत्साही गटांना पॅड स्वतःच तयार करावेत असे वाटते. कोइंबतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी तयार केलेल्या कमी खर्चाच्या यंत्रामुळे देशभर महिलांचे असे गट उभे राहिले, आणि आपल्याकडे डिचोली तालुक्यातील मुळगावच्या महिलांनीही पाइन लाकडाच्या लगद्यापासून "सखी" पॅड बनवून दाखवले. तो मात्र स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यात कच्चा माल, निर्जंतुकीकरण, विक्री आणि सॅनिटरी पॅडसाठीच्या आयएस ५४०५ या भारतीय मानकाचे पालन हे सगळे येते. मोफत वाटपाचा गट आणि उत्पादनाचा गट एकाच वेळी सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. असा गट जवळपास असेल तर त्याच्याकडून खरेदी जरूर करावी.

तिसरी पायरी: दान मागणे

दानपेटी कुठे ठेवावी? ग्रंथालय, फार्मसी, पतसंस्थेचे कार्यालय, गृहसंकुलाचे प्रवेशद्वार आणि चर्चचे सभागृह ही सोयीची ठिकाणे आहेत. देवस्थानच्या आवारात पेटी ठेवण्यास समितीने नकार दिला तर तो विषय ताणू नये. बहुधा समोरचा दुकानदार तयार होतो आणि देवळात येणारे भाविक त्याच्याकडूनच फुले-नारळ घेतात.

पेटीवर काय हवे आणि काय नको, हे मोठ्या अक्षरांत लिहावे. न उघडलेली पाकिटे, सुगंध नसलेले पॅड आणि उत्पादनाची तारीख वाचता येईल असे वेष्टन हवे. सुटे पॅड, अर्धी पाकिटे आणि मुदत उलटलेला माल नको. सुगंधी पॅडमुळे काही जणींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून ते टाळलेले बरे.

या यादीत आणखी एक वस्तू घालावी, जिचा विचार पॅड देणारे सहसा करत नाहीत, ती म्हणजे चड्डी. पॅड चिकटवायला घट्ट बसणारी, स्वच्छ चड्डी लागते. एका वस्तीत आम्ही पहिल्या महिन्यात पॅड दिले आणि दुसऱ्या महिन्यात गेलो तेव्हा एका मुलीच्या घरी पाकीट तसेच होते. तिच्या आईने बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर हळूच सांगितले, की तिच्याकडे दोनच चड्ड्या आहेत, दोन्हींचे इलॅस्टिक गेलेले आहे आणि पॅड सरकते, म्हणून ती कापडच बांधते. तेव्हापासून आम्ही प्रत्येक नव्या मुलीला पॅडबरोबर तीन नव्या सुती चड्ड्या देतो. मापे अंदाजाने न घेता मुलीकडूनच विचारून घ्यावीत. अंगाच्या साबणाची एक वडी सोबत दिल्यास उत्तम.

पैशांच्या बाबतीत सुरुवातीला एकच नियम पाळावा: शक्यतो वस्तू घ्याव्यात, रोकड नको. कोणी पैसेच देऊ इच्छित असेल तर त्यांनी जनऔषधी केंद्रात परस्पर पैसे भरून आपल्या नावाची पावती घ्यावी. गट वाढला आणि खाते उघडण्याची वेळ आली तर संस्थेची नोंदणी करावी. येथे गोव्यापुरता एक इशारा आवश्यक आहे. आपल्यापैकी अनेकांचे नातलग परदेशी आहेत आणि त्यांतील पुष्कळांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला आहे. असे नातलग मनाने कितीही गोंयकार असले तरी कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिक आहेत, आणि परकीय योगदान (नियमन) कायदा, २०१० नुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या गटाला सामाजिक कामासाठी त्यांचे दान स्वीकारता येत नाही. भारतीय पासपोर्टवर आखातात नोकरी करणाऱ्या भावाने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक व्यवहाराने पाठवलेली मदत त्यात मोडत नाही. शंका असल्यास सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय पैसे घेऊ नयेत.

चौथी पायरी: साठवण, म्हणजे पावसाळ्याशी गाठ

पॅडचे कामच ओलावा शोषण्याचे असल्यामुळे ते हवेतील दमटपणाही ओढून घेते. आमचा पहिला साठा एका घराच्या मागच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यांत, भिंतीला टेकवून ठेवलेला होता. जुलैच्या मध्यावर खोकी उघडली तेव्हा तळाचा पुठ्ठा हाताला लागताच लगदा होऊन सुटला, खालच्या थरातील पाकिटे फुगली होती आणि त्यांच्या शिवणीवर हिरवट-काळ्या बुरशीचे ठिपके दिसत होते. वरची पाकिटे दिसायला चांगली होती, पण त्यांनाही कुबट वास होता. सगळा साठा टाकून द्यावा लागला, कारण असे पॅड दुसऱ्याच्या मुलीला देण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यामुळे साठा झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिंपात किंवा पत्र्याच्या ट्रंकेत ठेवावा, ट्रंक विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवून जमिनीपासून उचलावी आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. आधी आलेला माल आधी बाहेर जावा, म्हणून प्रत्येक पाकिटावर ते मिळाल्याचा महिना लिहावा. पावसाळ्यात साठा दर आठवड्याला उघडून पाहावा.

पाचवी पायरी: मागावे लागणार नाही, अशी मांडणी

शाळेत पेटी ठेवायची असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय मांडावा. यानंतरची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एका शाळेत आम्ही ठेवलेले कपाट कार्यालयात होते आणि किल्ली कारकुनाच्या टेबलाच्या खणात होती. व्यवस्था चोख होती, नोंदवहीही होती आणि तीन महिन्यांत कपाटातून फक्त चार पॅड गेले. पॅड हवे असलेल्या मुलीला वर्गातून परवानगी काढून, व्हरांड्यात उभ्या असलेल्या मुलांसमोरून कार्यालयात जाऊन, कारकुनाला किल्ली मागून, वर वहीत नाव लिहावे लागत होते. पुढे एका शिक्षिकेच्या सांगण्यावरून आम्ही कपाटाऐवजी झाकणाचा साधा डबा मुलींच्या स्वच्छतागृहात, हात धुण्याच्या जागेच्या वर, पाणी उडणार नाही अशा उंचीवर लावला. त्याला कुलूपही नव्हते. पहिल्या आठवड्यात डबा दोनदा रिकामा झाला आणि "मुली जास्तीचे पॅड घरी नेतात" अशी तक्रार आली. ज्यांना गरज आहे त्या घरी नेणारच, कारण पाळी शाळा सुटल्यावर थांबत नाही. महिनाभराने डबा असा रिकामा होणे आपोआप कमी झाले; पॅड उद्याही असणार हे कळल्यावर साठा करून ठेवण्याची गरज राहिली नाही.

वस्तीत वाटप करताना पॅड कागदी पिशवीत, साबणासह द्यावेत, जेणेकरून हातात काय आहे हे रस्त्यावर कोणाला दिसणार नाही. लाभार्थींची नावे, आधार क्रमांक, छायाचित्रे यांपैकी काहीही घेऊ नये. दात्याला पुरावा हवा असतो, हे खरे. त्याला पाकिटांच्या ढिगाचे आणि पावतीचे छायाचित्र पाठवावे. पाकीट हातात धरलेल्या मुलीचा चेहरा गावच्या व्हॉट्सॲप समूहावर फिरला, तर ती पुढच्या महिन्यात येणार नाही आणि तिच्या मैत्रिणीही येणार नाहीत. वहीत फक्त आकडे असावेत: आले किती, गेले किती, उरले किती.

सुट्ट्यांचा विचार आधीच करावा. २८ मे हा जागतिक पाळी स्वच्छता दिन आणि ८ मार्चचा महिला दिन या दोन तारखांना दान भरभरून येते, पण मे महिन्यात शाळेतला डबा बंद असतो. चवथीची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी यांचेही तेच. म्हणून सुट्टी लागण्याच्या आधीच्या आठवड्यात मुलींना घरी नेण्यासाठी पूर्ण पाकिटे द्यावीत, आणि मार्च-मेमधील दान पावसाळ्यासाठी राखून ठेवावे.

कापडी पॅड आणि कप

स्वच्छ सुती कापड वापरणे चुकीचे नाही. ते साबणाने धुतलेले आणि उन्हात कडक वाळवलेले असेल तर सुरक्षित असते, म्हणून कापड वापरणाऱ्या बाईला कमी लेखणारे भाषण कोणी देऊ नये. अडचण जून ते सप्टेंबर या महिन्यांत येते. ऊन नसते, कपडे चार-चार दिवस ओले राहतात, आणि त्यात पाळीचे कापड उघड्यावर घालायची लाज वाटत असल्याने ते दुसऱ्या कपड्याच्या खाली किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात दमट अवस्थेत वाळत घातले जाते. आमच्या अनुभवात ऋतूनुसार वाटणी करणे सर्वांत सोयीचे ठरले: ऑक्टोबर ते मे ज्यांना हवे त्यांना धुऊन वापरता येणारे चार-पाच कापडी पॅड, आणि पावसाळ्यात सर्वांना एकदा वापरून टाकायचे पॅड. कापडी पॅड आधी थंड पाण्यात धुवावे, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो.

योनीत बसवून रक्तस्राव साठवणारा मासिक पाळीचा कप चांगल्या सिलिकॉनचा असेल तर अनेक वर्षे टिकतो आणि त्याचा कचराही होत नाही. केरळमधील आलप्पुळा नगरपालिका क्षेत्रात २०१९ मध्ये "तिंगळ" या प्रकल्पातून ५,००० कप वाटले गेले होते. तरीही कप केवळ मागणाऱ्या स्त्रीलाच द्यावा. तो वापरायला शिकावे लागते, दर पाळीनंतर उकळावा लागतो, आणि एकाच खोलीत सहा माणसे राहत असतील तर कप उकळायला वेगळे भांडे आणि एकांत कुठून आणायचा, हा साधा प्रश्न आहे.

कचऱ्याची जबाबदारी

आपण महिन्याला ३०० पॅड गावात आणणार असू, तर ३०० वापरलेली पॅड कुठे जातील याचे उत्तर पंचायतीला देता आले पाहिजे. पहिल्या वाटपाआधी सरपंच किंवा प्रभागाच्या पंचांना भेटून, घरोघरी कचरा गोळा करणारी गाडी हा कचरा कोणत्या दिवशी आणि कसा घेते, ते विचारून घ्यावे. वापरलेले पॅड कागदात घट्ट गुंडाळून त्यावर लाल पेनाने ठळक खूण करावी, म्हणजे सुका कचरा हाताने वेगळा करणाऱ्या कामगाराला ते उघडावे लागत नाही. वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे कापून प्रत्येक पिशवीत वीस घातले तर लोक ते खरोखरच वापरतात; नुसती सूचना छापून उपयोग होत नाही. पॅड शौचालयात, विहिरीत, ओहोळात टाकू नये आणि अंगणात जाळू नये, हे चित्रांतून दाखवावे, कारण वस्तीत कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी अशा चार भाषा बोलल्या जातात. जनऔषधीचे पॅड ऑक्सो-जैवविघटनशील, म्हणजे ऑक्सिजनच्या संपर्कात विघटित होणारे, म्हणून विकले जाते, परंतु त्याचा अर्थ ते परसातल्या खड्ड्यात पुरले की खत होते, असा नाही. त्याचीही विल्हेवाट इतर पॅडप्रमाणेच लावावी.

आपल्या मर्यादा

आपण पॅड देतो, उपचार देत नाही. तासा-दोन तासांत पॅड भिजून जाणे, सात दिवसांहून अधिक रक्तस्राव, शाळा बुडवायला लावणाऱ्या वेदना, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, पंधरा-सोळा वर्षांपर्यंत पाळीच न येणे, यांपैकी काही कानावर आले तर मुलीला आईबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे आणि शक्य असल्यास सोबत जावे. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित असणे मात्र स्वाभाविक असते. त्यावरून आईला घाबरवू नये.

शेवटी, उपक्रम एकाच बाईच्या खांद्यावर ठेवू नये. ती आजारी पडली, तिच्या घरी लग्न निघाले किंवा ती मुलाकडे पुण्याला गेली, की त्या महिन्याचे पॅड राहतात. सुरुवातीपासून दोघींनी काम वाटून घ्यावे, आणि वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे: ट्रंकेची किल्ली कोणाकडे आहे, जनऔषधी केंद्रात मागणी महिन्याच्या कोणत्या तारखेला नोंदवायची, शाळेतला डबा कोणत्या वारी भरायचा, आणि पावसाळ्याआधी किती पाकिटे शिल्लक असायला हवीत.